मिस्टर कुठे असतात?

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहून गेले होते की ठाण्यात नि नवी मुंबईत लेकराला कडेवर घेऊन घराबाहेर पडलेल्या पोरीला त्या रात्री कुठे जायचं हेच कोणी सांगितलेलं नसतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते, वय ६१. सकाळी भाजीला स्टेशनकडे जाते तेव्हा जिन्याखाली एक पोरगी दिसते, १९-२० ची असेल, दीड-दोन वर्षांचा मुलगा आणि एक तान्हं बाळ. मागच्या आठवड्यात पाऊस धो धो होता म्हणून तिला दोन रात्री घरी आणलं. मुलगा-सून चिडले, उद्या काही झालं तर पोलीस आपल्या दारात येतील म्हणाले. मग तिला परत तिथेच सोडून आले आणि तेव्हापासून घास गोड लागत नाहीये. मी काय करायला पाहिजे होतं?

उत्तर : काकू, तुम्ही दोन रात्री तीन जिवांना कोरडं ठेवलंत, त्यातलं एक तान्हं. नंतर तिला परत सोडून आलात ते मनाला लावून घेऊ नका. आता पुढचं बघू.

उद्या तिच्याकडे जा, जाताना डबा न्या, आणि पहिल्याच भेटीत नवरा कुठाय, का सोडलं, माहेरचे काय म्हणतात हे विचारू नका. ते तिला रोज दहा जण विचारतात. तुम्ही वय विचारा, कारण पुढचा रस्ता वयावर ठरतो. १८ पूर्ण नसेल तर १०९८ ला फोन करायचा, तो मुलांसाठीचा नंबर आहे आणि मग ती पोरगी आणि तिची दोन्ही बाळं असं तिघांनाही कायद्याने बालक म्हणूनच सांभाळावं लागतं. १८ च्या वर असेल तर १८१, महिलांची हेल्पलाइन. तिथून तिला सखी वन स्टॉप सेंटरला जोडून देतात. ही केंद्रं २०१५ पासून सुरू झाली, चोवीस तास उघडी असायला हवीत, तिथे डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक असं सगळं एका ठिकाणी मिळावं अशी कल्पना आहे. घरात मारहाण झालेल्या किंवा दुसऱ्या कुठल्या हिंसेतून बाहेर पडलेल्या बाईसाठी ते आहे, आणि रस्त्यावर आलेल्या बहुतेक मुलींच्या मागे यातलं काही ना काही असतंच.

पण काकू, तिथे राहायला साधारण ५ दिवसच मिळतात. आणि सगळं घोडं इथेच अडतं. पाच दिवस सगळे धावपळ करतात, सहाव्या दिवशी सकाळी ती परत त्याच जिन्याखाली. म्हणून पहिल्याच दिवशी सहाव्या दिवसाचं बोलून घ्यायचं, शक्ती सदनमध्ये जागा आहे का, कधी मिळेल, अर्ज कोण करणार. शक्ती सदन म्हणजे आधी ज्याला स्वाधार गृह म्हणायचे तेच, २०२२ पासून नाव बदललं. तिथे जास्त काळ राहता येतं, जेवण असतं, काही शिकवतात पण. जायच्या आधी एक प्रश्न मात्र नक्की विचारा, मुलगे किती वयापर्यंत आईजवळ राहू देतात. तिचा मोठा अजून लहान आहे म्हणून आज अडचण नाही, पण आठ-दहा वर्षांचा मुलगा बरोबर असलेल्या आया फक्त या एका अटीमुळे तिथे जात नाहीत, हे मी कितीदा बघितलंय.

तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल की पोरं आश्रमात टाका, ती एकटी कुठेही काम करून राहील. ऐकू नका. बाल न्याय कायदा, २०१५ चा, स्वतःच म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. नुसती गरिबी आहे म्हणून आईपासून बाळ काढायचं नसतं. आणि माझा अनुभव असा की लेकरं लांब गेली की त्या मुलीची उठून उभं राहण्याची जी काही ताकद असते ना तीच जाते, ती मग कशासाठी धडपडणार?

अजून एक. तिच्याजवळ एखादी पिशवी असेल ती नीट बघा, तिच्या परवानगीने. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्यासमोर एक मुलगी बसली होती, तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दुधाची बाटली, बाळाचं लसीकरणाचं कार्ड आणि एक लग्नपत्रिका. कोणाचं लग्न म्हणून विचारलं तर पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने पेनाने मावशीचा, गावच्या सरपंचाचा आणि हॉस्पिटलमधल्या सिस्टरचा असे नंबर लिहून ठेवलेले, आणि पावसाने त्यातले मधले आकडे धुऊन गेलेले. त्या लसीकरणाच्या कार्डावरून आम्ही बाळ कुठे जन्मलं ते शोधलं आणि त्यावरून जन्माचा दाखला काढला. तेव्हा कार्ड असेल तर आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

तान्ह्याचा जन्म हॉस्पिटलमध्ये झाला असेल तर नोंद हॉस्पिटलनेच कळवायची असते. बाहेर झाला असेल तर २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते, नंतरही होते पण दंड, कागदपत्रं असं वाढत जातं आणि वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटच्या पातळीवरचा आदेश लागतो. लग्न झालेलं नसेल आणि बापाचं नाव द्यायचं नसेल तर आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच सांगितलंय. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव लावणं सक्तीचं आहे, हे खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर शांतपणे सांगायचं.

आणि मुलगा-सुनेला सांगा, एखाद्या सज्ञान बाईला तिच्या मर्जीने दोन रात्री आसरा देणं हा गुन्हा नाही. मनात भीती असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा ११२ वर कळवून ठेवा, म्हणजे तुमच्याही जिवाला घोर नाही.

प्रश्न : ताई मी दिघ्याला मैत्रिणीकडे राहते. वय २३. नवऱ्याने दारू पिऊन मारून बाहेर काढलं, सासर जालन्याकडे आहे, चार महिने झाले. मुलगी ७ वर्षांची दुसरीत होती आणि मुलगा २ वर्षांचा. दहावीला मला ६४ टक्के होते, पुढे शिकायचं होतं पण लग्न लावून दिलं. रूम बघायला गेलं की पहिला प्रश्न, मिस्टर कुठे असतात? नाहीत म्हटलं की रूम गेली. शाळेत गेले तर म्हणाले एलसी आणा, वडिलांना सही करायला घेऊन या, आता वर्ष पण अर्धं झालंय पुढच्या जूनला या. मैत्रिणीच्या नवऱ्याला आता आमचं राहणं आवडत नाहीये. मला कोर्स पण करायचाय, सगळं एकदम कसं करू काही कळत नाही.

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मारहाणीबद्दल दोन शब्द आणि शिकायचंय यावर चार ओळी. त्या चार ओळी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

आधी मुलीची शाळा, कारण ते सगळ्यात लवकर होण्यासारखं आहे आणि ती शाळेत गेली की तुझे दिवसाचे पाच तास मोकळे होतात. ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याने, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, वर्षात कधीही प्रवेश मिळतो. जूनला या हे कारण चालत नाही. एलसी नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, तो मागाहून येतो, आणि तो द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. जन्मदाखला नाही म्हणूनही अडवता येत नाही. आधारकार्ड नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. वडिलांची सही लागते असा नियम नाही, तू आई आहेस, तुझी सही पुरे. महापालिकेच्या शाळेत जा, एका साध्या कागदावर अर्ज लिही, मुलीचं नाव, वय, आधीची शाळा, आणि खाली शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेश मिळावा ही ओळ, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. तोंडी नाही म्हणणारी माणसं पोच द्यायची वेळ आली की पुष्कळदा नरम पडतात. नाहीच ऐकलं तर महापालिकेच्या शिक्षण विभागात तोच कागद. तिथे दुपारचं जेवण मिळतं, पुस्तकं मिळतात, तुझा तेवढा भार कमी.

आता छप्पर. तुला कोणी सांगितलं नसेल पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तुला राहण्याचा हक्क आहे. घर नवऱ्याच्या नावावर असो, सासूच्या असो, भाड्याचं असो. पण मारणाऱ्या माणसाच्या घरात परत जा असं मी तुला अजिबात सांगणार नाही. त्याच कायद्यात कोर्ट नवऱ्याला असा आदेश देऊ शकतं की हिच्यासाठी तसंच दुसरं घर बघून दे नाहीतर त्याचं भाडं भर. हे बायकांना माहीतच नसतं, वकीलही बऱ्याचदा पोटगीवरच थांबतात! आणि त्यासाठी जालन्याला खेटे घालायची गरज नाही, तू आत्ता तात्पुरती जिथे राहतेस तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. फी नाही, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. फोन १५१००. अर्ज संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्यासाठी सरकारने नेमलेले अधिकारी, भरून देतात, त्यांचं नाव-पत्ता १८१ वर विचार. अर्जातच लिहायला सांग की निकालापर्यंत अंतरिम आदेश हवाय, कारण कायद्यात ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि तुझ्याकडे एवढा वेळ नाही. मुलांची पोटगी वेगळी मागता येते, ती जुनी कलम १२५ म्हणायचे तीच, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात कलम १४४ झालीये.

रूमचं. मिस्टर कुठे असतात याला उत्तर तयार ठेव आणि मान वर करून दे : मी आणि माझी दोन मुलं राहणार, भाडं मी देणार, कामाच्या ठिकाणचा नंबर हा घ्या. खोटं बोलू नकोस की दुबईला असतात वगैरे, दोन महिन्यांत कळतं आणि मग जास्त त्रास होतो. शक्य असेल तिथे नोंदणी केलेला अकरा महिन्यांचा करार माग. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची असते, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने. चाळीतले मालक बहुतेक तयार होत नाहीत हे मला माहितीये, मग निदान दर महिन्याची भाड्याची पावती घे, तो तुझा हक्क आहे. पत्त्याचा कागद एकदा हातात आला की बँक, गॅस, रेशन अशी पुढची दारं उघडतात. शक्ती सदनसारख्या मान्यताप्राप्त निवासात राहिलीस तर तिथल्या अधीक्षकांचं पत्रही आधारच्या पत्त्यासाठी चालतं.

आणि आता खरा प्रश्न, जो तू लिहिलाच नाहीयेस. दोन वर्षांचा मुलगा दिवसभर कोणाकडे?

इतकी वर्षं हे काम जवळून बघतेय आणि मला छातीठोकपणे सांगावंसं वाटतं की या मुलींची घडी भाड्याने मोडत नाही, बाळाच्या त्या आठ तासांनी मोडते. डिपॉझिट कोणीतरी देतं, शिलाई मशीन कोणीतरी देतं, कोर्सची फी कोणीतरी भरतं, आणि मग एक दिवस बाळाला ताप येतो, शेजारची मावशी गावाला गेलेली असते, कामाला खाडा, मग दुसरा खाडा, मग काम गेलं, मग भाडं थकलं, मग रूम गेली. दर वेळी हीच साखळी. म्हणून नोकरी किंवा कोर्स शोधायच्या आधी पाळणाघर शोध, उलट क्रमाने जाऊ नकोस. अंगणवाडीत विचार, काही ठिकाणी आता पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडलेलं असतं, ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. तू दिघ्यात आहेस म्हणजे रबाळे-महापेची एमआयडीसी तुझ्या दारात आहे. जिथे ५० किंवा त्याहून जास्त लोक कामाला असतात तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते, २०१७ पासून, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला बघायला जाता येतं. पॅकिंगचं काम घेताना पगाराच्या आधी हे विचार. एजंट सांगेल असलं काही नसतं, तू कंपनीच्या एचआरला विचार.

सखी निवास म्हणून नोकरी करणाऱ्या महिलांची वसतिगृहं असतात, तिथे मुलांसकट राहता येतं आणि पाळणाघराची सोय असावी असं योजनेतच आहे. जागा कमी असतात तरी नाव नोंदवून ठेव.

पैशांचं बघ. एकट्या आईच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव तिला दिलंय, महिन्याला २२५० रुपये एका मुलामागे, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. संजय गांधी निराधार योजनेचे १५०० रुपये तहसील कार्यालयातून मिळतात, पण उत्पन्नाची अट फार कडक आहे, वर्षाला २१ हजार, आणि ते किंवा लाडकी बहीण यातलं एकच मिळतं. हे पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून भाड्याचा हिशोब मांडू नकोस, भाडं कमाईतून आणि हे पैसे पाळणाघराला असं ठेव.

आता तुझं शिक्षण. ६४ टक्के आहेत तुला, आयटीआयला सहज बसतेस. वागळे इस्टेटला सरकारी आयटीआय आहे, दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन अर्ज सुरू होतात. पण ते दिवसभराचं असतं, मुलगा पाळणाघरात रुळल्यावरच त्याचा विचार कर. तोपर्यंत १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून कर, रोज कॉलेजला जावं लागत नाही, फॉर्म बोर्डाच्या साइटवरच निघतो. बारावी झाली की नर्सिंगसारखे रस्ते उघडतात. तुझी मार्कशीट सासरी राहिली असेल तर बोर्डाकडून दुय्यम प्रत मिळते, त्यासाठी त्या घरात पाऊल टाकायची गरज नाही.

मैत्रिणीच्या नवऱ्याशी एकदा नीट बोल, तारीख सांगून बोल. अमुक तारखेपर्यंत मी निघते असं कळलं की माणसं थोडी कळ काढतात. आणि मला परत लिही, मुलीच्या प्रवेशाचं काय झालं ते.

प्रश्न : नेरुळला आमचा एक वन बीएचके आहे. दोन लहान मुलं असलेल्या एकट्या बाईला द्यायचा ठरवलाय. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात कमिटीची परवानगी लागेल आणि फॅमिलीलाच द्या.

उत्तर : आई आणि दोन मुलं ही फॅमिलीच आहे, असं त्यांना सरळ सांगा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, ८ दिवस आधी लेखी कळवायचं आणि कराराची प्रत नि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, त्यामुळे जास्त मागून अडवायचा प्रयत्न झाला तर तेही लक्षात असू द्या. आणि जमलं तर डिपॉझिट एकदम न घेता चार हप्त्यांत घ्या. तुमचे मनापासून आभार!

प्रश्न : भाची १७ वर्षांची, बारावीत. सातवा महिना लागल्यावर घरात कळलं. दादाने तिला घराबाहेर काढलं, आता माझ्याकडे कोपरखैरण्याला आहे. शेजारच्या एका बाई म्हणतात ओळखीचं एक चांगलं जोडपं आहे, बाळ त्यांना देऊन टाका, खर्चही ते करतील, कोणाला कळणार नाही. पोरगी नुसती रडते.

उत्तर : ताई, त्या बाईंना आजच नाही म्हणून सांगा. असं परस्पर बाळ देणं गुन्हा आहे, पैसे घेतले तर अजूनच मोठा, आणि त्यात तुमची भाची आणि तुम्ही दोघी अडकाल. बाळ ठेवायचं की दत्तक द्यायचं हे ठरवायची घाई आत्ता कोणीच करू नये. द्यायचंच झालं तर फक्त बालकल्याण समितीसमोर, मुलांबद्दलचे असे निर्णय कायद्याने तीच घेते, आणि त्यानंतरही निर्णय बदलायला ६० दिवस मिळतात.

ती १८ च्या आत आहे त्यामुळे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, तिची मर्जी होती की नव्हती हे कायदा बघत नाही. हॉस्पिटलला पोलिसांना कळवावंच लागतं. या भीतीने लोक तपासणीच टाळतात आणि मग आई नि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. तसं करू नका. सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये याच आठवड्यात नाव घाला, तुम्ही स्वतः बरोबर जा. तिची ओळख कुठेही उघड करता येत नाही, पेपरमध्ये सुद्धा नाही. १०९८ ला फोन केलात की बालकल्याण समितीपर्यंत तेच नेतात, आणि तुम्ही तिला ठेवून घ्यायला तयार आहात हे समितीला आवर्जून सांगा, म्हणजे तिला संस्थेत न पाठवता तुमच्याकडे ठेवण्याचा विचार ते करू शकतात.

बारावीचं पुस्तक मात्र घरात उघडं राहू द्या. या फेब्रुवारीला नाही जमलं तर पुढच्या वेळी बसेल. रोज अर्धा तास तिच्याशेजारी बसा, अभ्यास झाला नाही तरी चालेल. आणि दादाला फोन करून ओरडू नका, तो तिचा बापच आहे, बाळ झाल्यावर येईलही, पण त्याची वाट बघत तिला ठेवू नका.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडच्या एका कॉम्प्लेक्समधल्या सात-आठ मैत्रिणी. जुने कपडे, खेळणी भरपूर जमलीत, अशा मुलींना द्यायचीत. कुठे द्यायची?

उत्तर : कपडे द्या, नक्की द्या, पण तुम्ही सात-आठ जणी आहात तर त्याहून मोठं काहीतरी होऊ शकतं. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखालची सिग्नल शाळा तुम्ही गाडीतून बघितली असेल. जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या मदतीने कंटेनरमध्ये सुरू केली, सिग्नलवर गजरे नि फुगे विकणारी मुलं तिथे शिकायला लागली आणि पुढे दहावी पास झाली. शाळाच मुलांच्या राहण्याच्या जागेजवळ नेली, मला त्यातलं हे फार आवडतं. मुलं आंघोळ करून, जेवून, तिथेच शिकतात.

दुसरं म्हणजे शहराकडे मागा. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये दर एक लाख वस्तीमागे बेघरांसाठी चोवीस तास, बारा महिने चालणारं एक निवारा केंद्र हवं असं सांगितलंय, त्यात बायका-मुलांसाठी वेगळी सोय. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांच्या वर होती, नवी मुंबईची ११ लाखांच्या वर. म्हणजे तेव्हाच्याच हिशोबाने १८ आणि ११ निवारे. आपल्या भागात किती आहेत, त्यात लेकुरवाळ्या बाईला जागा किती, हे महापालिकेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून विचारा. एक अर्ज, दहा रुपये, आणि सात-आठ सह्यांचं एक पत्र तुमच्या नगरसेवकाला.

आणि तिसरं, तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये घरकामाला येणाऱ्या बायकांमध्ये एखादी तरी अशी असेलच जी बाळाला चाळीत शेजारणीकडे टाकून जीव मुठीत धरून तुमची भांडी घासतेय. तिला बाजूला घेऊन विचारा, बाळ कुठे असतं ग? मग आठ जणींनी मिळून तिच्या घराजवळच्या पाळणाघराचे सहा महिन्यांचे पैसे भरा, दर महिन्याला न चुकता, आणि पावती तिच्या नावाने घ्या.